पचनसंस्थेतले न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर: आजार वाढला, की दिसू लागला?

नोंदवही (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

अकरा वर्षं मी एका कर्करोग नोंदणी केंद्रात काम केलं. रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये जायचं, फायलींचे गठ्ठे सोडायचे, त्यातला पॅथॉलॉजीचा रिपोर्ट शोधायचा आणि एकेका रुग्णाचा फॉर्म भरायचा. वय, गाव, त्या गावात किती वर्षं राहणं, कुठल्या अवयवाचा कर्करोग, पेशी कुठल्या जातीची, निदानाची तारीख. असे हजारो फॉर्म जमले की मग 'अमुक जिल्ह्यात दर लाख बायकांमागे इतक्या रुग्ण' असा आकडा तयार होतो आणि तो तुम्ही पेपरात वाचता.

एका फाइलवर मी अडले होते. सत्तावीस वर्षांची मुलगी, पोटात दुखतंय म्हणून रात्री दाखल, अपेंडिक्स काढलं, तिसऱ्या दिवशी घरी. टाके काढायला आली तोवर रिपोर्ट आला होता. अपेंडिक्सच्या टोकाला सहा मिलीमीटरची पिवळसर कडक गाठ. निदान: कार्सिनॉइड. आमच्या कोडच्या पुस्तकात पेशीच्या जातीला चार आकडी क्रमांक असतो आणि तिरक्या रेघेपुढे आणखी एक आकडा. ० म्हणजे साधी गाठ, ३ म्हणजे कर्करोग, १ म्हणजे नक्की सांगता येत नाही. कार्सिनॉइडचा कोड ८२४०/३. पण अपेंडिक्समधला असेल तर ८२४०/१. आणि मोजणीत धरायचे ते फक्त ३ वाले. हीच गाठ वीतभर अलीकडे, लहान आतड्याच्या शेवटाला असती तर ती कर्करोग म्हणून मोजली गेली असती. मी फॉर्म बाजूला ठेवला, दुसरी फाइल घेतली.

पुढे तो नियम बदलला आणि अपेंडिक्सचे कार्सिनॉइडही ३ मध्ये आले. माणसांच्या अपेंडिक्समध्ये त्या वर्षी काहीही वेगळं घडलेलं नव्हतं. आकडा मात्र वाढणार होता.

ज्याला तेव्हा कार्सिनॉइड म्हणायचे त्याला आता न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणतात. या आजाराचा जगभरातला आलेख गेली चाळीस-पन्नास वर्षं सतत वर चढतोय. अमेरिकेत 'सीअर' ही नोंदणी १९७३ पासून चालू आहे. त्या वर्षी तिथे सगळ्या अवयवांचे मिळून दर लाख लोकांमागे १.०९ नवे रुग्ण होते, २०१२ मध्ये ६.९८. सहा पटींच्या वर. यात सर्वांत मोठा वाटा पचनसंस्थेचा, म्हणजे जठर, लहान आतडं, अपेंडिक्स, मोठं आतडं, गुदाशय आणि स्वादुपिंड यांचा. २००० ते २०१२ या काळात पचनसंस्थेतले दर लाखामागे ३.५६, फुफ्फुसातले १.४९.

सहा पट वाढ म्हटल्यावर कुणालाही वाटेल की काहीतरी भयंकर सुरू आहे. मला या धाग्यात हेच मांडायचंय की हा आकडा वाचताना मोजणारा कोण, बघणारा कोण आणि लिहिणारा कोण हे आधी विचारायला हवं. आणि आपल्याकडे हा आकडा नाहीच, त्याचं काय, हेही.

एक एक मुद्दा प्रतिसादांतून घेऊ.

शेवंती_म

वाचतेय. हे नाव मी पहिल्यांदा इरफान खान आजारी पडला तेव्हा ऐकलं. तोवर मला वाटायचं न्यूरो म्हणजे मेंदूचंच काहीतरी असणार.

नोंदवही

तुमच्यासारखं लाखो लोकांना वाटलं होतं. १६ मार्च २०१८ ला त्याने स्वतःच जाहीर केलं, आणि त्या निवेदनात मुद्दाम सांगितलं की न्यूरो म्हणजे दर वेळी मेंदू नव्हे. २९ एप्रिल २०२० ला मुंबईत तो गेला. त्याच्या आधीचं जगातलं मोठं नाव म्हणजे स्टीव्ह जॉब्स. २००३ मध्ये स्वादुपिंडात हा ट्यूमर सापडला, २००४ मध्ये शस्त्रक्रिया, २००९ मध्ये यकृत प्रत्यारोपण, ५ ऑक्टोबर २०११ ला मृत्यू. त्यांच्या बातमीत सगळीकडे नुसतं 'स्वादुपिंडाचा कर्करोग' छापून आलं. स्वादुपिंडाचा नेहमीचा कर्करोग वेगळा. त्यात निदानानंतर बहुतेकांच्या हातात महिने असतात. आठ वर्षं कशी काय मिळाली, याचं उत्तर पेशीच्या जातीत आहे. अवयव एक, आजार दोन.

आपल्या पचननळीच्या अस्तरात आणि स्वादुपिंडात संप्रेरकं सोडणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. कुणी गॅस्ट्रिन सोडतं, कुणी सेरोटोनिन, कुणी इन्सुलिन. त्यांच्यात मज्जापेशींचेही काही गुण असतात, म्हणून न्यूरो. संप्रेरकं सोडतात म्हणून एंडोक्राइन. या पेशींची गाठ झाली की हा ट्यूमर.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, गेली वीस वर्षं मायक्रोस्कोपखाली हेच बघतोय, त्यामुळे नावांच्या घोळाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. हा घोळ आकड्यांच्या मुळाशी आहे.

म्युनिकचे झीगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ मध्ये 'कार्सिनॉइड' हा शब्द दिला. अर्थ 'कर्करोगासारखं दिसणारं'. लहान आतड्यातल्या या छोट्या गाठी कर्करोगासारख्या दिसतात पण वागतात साध्या गाठीसारख्या, असं त्यांचं निरीक्षण होतं. १९२९ मध्ये त्यांनी स्वतःच सुधारणा केली की यातल्या काही पसरतातही. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये त्यांना जर्मनी सोडावा लागला, ते इस्तंबूलला गेले आणि १९४४ मध्ये तिथेच वारले. त्यांची दुरुस्ती राहिली बाजूला, पहिला शब्दच जगभर टिकला. पुढची कित्येक दशकं डॉक्टर 'कार्सिनॉइड आहे, काळजी नको' असं म्हणत राहिले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या वर्गीकरणाने बरीच शिस्त आणली. पेशी किती वेगाने वाढतायत हे केआय-६७ नावाच्या तपासणीतून टक्क्यांत कळतं. ३ टक्क्यांच्या आत असेल तर ग्रेड १, ३ ते २० ग्रेड २, २० च्या वर ग्रेड ३. २०१९ मध्ये आणखी एक महत्त्वाचा भेद संपूर्ण पचनसंस्थेसाठी लागू झाला: रूप शाबूत असलेला पण वेगाने वाढणारा ट्यूमर वेगळा, आणि मुळातच बिघडलेल्या पेशींचा न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा वेगळा. दोघांचंही केआय-६७ वीसच्या वर असू शकतं, पण वागणं आणि उपचार वेगळे.

आता माझ्या टेबलावरचं सांगतो. साध्या जांभळ्या-गुलाबी रंगात या पेशी फार एकसारख्या दिसतात, गोल गोल केंद्रकं, आत मीठ-मिरी भुरभुरल्यासारखा पोत. नीट दिसल्या तर ओळखू येतात. पण बायॉप्सीचा तुकडा चिमटीत चिरडलेला असेल तर हमखास फसायला होतं. मग क्रोमोग्रॅनिन आणि सिनॅप्टोफायझिन ही या पेशींतली प्रथिनं शोधणारी खास तपासणी करावी लागते, ती असली की तपकिरी रंग चढतो आणि खात्री पटते. या तपासण्या सगळीकडे नसायच्या. मग रिपोर्टात जायचं 'पूअरली डिफरन्शिएटेड कार्सिनोमा' (पेशींचं मूळ रूप हरवलेला कर्करोग), आणि नोंदवही ताईंच्या फॉर्मवर तो साध्या कर्करोगाच्या रांगेत बसायचा. तपासणी आली तसा आजार 'वाढला'.

मृण्मयी_७

नोंदवही ताई, काचपट्टी सर, धाग्याबद्दल मनापासून आभार. माझ्या बाबांना (वय ६३) गेल्या महिन्यात मूळव्याधीच्या त्रासासाठी कोलोनोस्कोपी केली, त्यात गुदाशयात छोटी गाठ सापडली. काढली. रिपोर्टात न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर लिहिलंय. घरात सगळे हादरलेत. आई देवघरासमोरून उठत नाहीये. सविस्तर नंतर लिहीन.

अटलांटिकपार

मृण्मयी, बाबांना लवकर बरं वाटो. मी टोरांटोला असतो, इथलं चित्र तुम्हाला थोडा धीर देईल.

आमच्या ऑन्टारिओ प्रांतातला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९४ मध्ये दर लाखामागे २.४८ नवे रुग्ण होते, २००९ मध्ये ५.८६. पंधरा वर्षांत दुपटीच्या वर. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. निदान होताना आजार आधीच पसरलेला असणाऱ्यांचा वाटा २९ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आला. पसरलेल्या रुग्णांचा दर लाखामागचा आकडा जवळपास होता तिथेच आहे. वाढले ते लवकर सापडलेले.

इथे पन्नाशी आली की आतड्याच्या कर्करोगाच्या चाचणीचं पत्र घरी येतं. विष्ठेच्या चाचणीत काही आढळलं की कोलोनोस्कोपी. त्या दुर्बिणीत गुदाशयातली वाटाण्याएवढी गाठसुद्धा दिसते. कुणाला तिचा त्रास होत नसतो.

विहीर

मग थोडा उलटा प्रश्न विचारतो. ज्या गाठीने आयुष्यात कधी त्रास दिला नसता ती शोधून काढायची, माणसाला 'कर्करोगाचा रुग्ण' करायचं, घरादाराची झोप उडवायची, आणि मग आलेख चढला म्हणायचं. यात नक्की कुणाचं भलं झालं?

नोंदवही

विहीर, प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याला पन्नास वर्षांपूर्वीचा एक पुरावाही आहे.

स्वीडनमधलं माल्मो शहर. तिथे त्या काळी गावात मृत्यू झाला की बहुसंख्य वेळा शवविच्छेदन होई. १९५८ ते १९६९ या बारा वर्षांतल्या १६,२९४ शवविच्छेदनांची वही तपासली तेव्हा १९९ जणांत कार्सिनॉइड सापडला. शंभरात एकाहून जास्त. त्यातले बहुतेक दुसऱ्याच कारणाने गेलेले, हयातीत कुणालाच पत्ता नव्हता. शस्त्रक्रियेत सापडलेले धरून हिशेब केला तर वर्षाला दर लाखामागे ८.४ निघाला. म्हणजे १९७३ मध्ये अमेरिकेची नोंदणी १.०९ म्हणत होती, आणि त्याच्या आधीच माल्मोत कापून बघणाऱ्यांना त्याच्या आठ पट दिसत होतं. स्वादुपिंडाचं तर आणखी टोकाचं: नेहमीच्या शवविच्छेदनात शंभरात एखादा सापडतो, पण अख्खं स्वादुपिंड पातळ काप करकरून पाहिलं तेव्हा दहांत एकापर्यंत छोट्या गाठी मिळाल्या आहेत.

तेव्हा वाढीचा मोठा भाग 'दिसू लागला' यातच जातो, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेतही सर्वांत जास्त वाढ जागच्या जागी असलेल्या गाठींची आहे. ६५ च्या पुढच्या वयात वाढ सुमारे ८ पट, पन्नाशीच्या आत सुमारे ३ पट. ज्यांच्या पोटाचे सीटी स्कॅन आणि दुर्बिणीच्या तपासण्या जास्त होतात त्यांच्यातच जास्त सापडणार.

पण सगळी वाढ याच खात्यावर टाकायला मी तयार नाही. अमेरिकेच्या आकड्यांत आजूबाजूला आणि दूर पसरलेले रुग्णही वाढलेत, कमी प्रमाणात का होईना. लहान आतड्यातले ट्यूमर दुर्बिणीच्या टप्प्यात सहसा येत नाहीत, तरी २००० सालाच्या आसपास अमेरिकेत लहान आतड्याच्या नेहमीच्या कर्करोगाला त्यांनी मागे टाकलं.

आणि 'त्रास दिला नसता' हे गाठ बघून आधी सांगता येत नाही हो. लहान आतड्यातली एक सेंटीमीटरची गाठही आतड्याच्या पडद्यातल्या लसिका ग्रंथींपर्यंत पसरलेली असते कधी कधी. अपेंडिक्सचं आणि गुदाशयाचं तसं नाही, तिथे एक सेंटीमीटरच्या आतली गाठ बहुधा काढली की विषय संपतो. म्हणून अवयव, आकार आणि ग्रेड या तिन्ही गोष्टी कळल्याशिवाय नुसत्या नावावरून घाबरणंही चूक आणि निर्धास्त होणंही चूक.

शेवंती_म

माझ्या मावशीचं लिहू का? बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही.

मावशी चाळीशीच्या शेवटाला होती. चेहरा अचानक लाल व्हायचा, गळ्यापर्यंत. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, पाळी जायची वेळ आली, असं होतंच. पण मला आठवतं, ती म्हणायची, "अगं, घाम येत नाही मला. नुसती धग लागते, चुलीपुढे बसल्यासारखी." पाळी जाताना माझ्या आईला दरदरून घाम फुटायचा, साडी बदलावी लागायची. मावशीचं कोरडं होतं. मग जुलाब. रात्रीसुद्धा उठावं लागायचं. लग्नाकार्याला यायची बंद झाली. आतड्याला सूज म्हणून औषधं, मग मनाचं आहे म्हणून गोळ्या, मग बाहेरचं काही खाल्लंस का म्हणून बोलणी. सहा वर्षं गेली. शेवटी सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गाठी दिसल्या. मूळ लहान आतड्यात होतं.

ती नंतर सात वर्षं जगली. इंजेक्शनं सुरू झाली दर महिन्याला, तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत लाली आणि जुलाब थांबले. माझ्या लग्नात पहिल्या पंगतीला बसून जेवली. तिला त्या दिवशी पानावर पुरणपोळी खाताना बघून आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

नोंदवही

शेवंती, लिहिलंत हे फार बरं केलंत. मावशींनी 'घाम येत नाही' हे जे सांगितलं होतं ते पुस्तकातलं लक्षण आहे, फक्त त्यांच्या शब्दांत. ते कुणीतरी ऐकायला हवं होतं.

हे उशिरा का कळतं ते सांगते. लहान आतड्यातला ट्यूमर सेरोटोनिन आणि इतर द्रव्यं सोडतो, पण आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं आणि यकृत त्यांचा निकाल लावतं. म्हणून आजार आतड्यापुरता असेपर्यंत लाली नाही, जुलाब नाहीत. तो यकृतात पसरला की ही द्रव्यं थेट रक्तात उतरतात आणि मग सगळं दिसू लागतं. सगळे न्यूरोएंडोक्राइन रुग्ण धरले तर अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत साधारण १९ टक्क्यांना, म्हणजे पाचांतल्या एकाला, ही लक्षणं होती. बाकीच्यांत या लक्षणांशिवायच गाठ वाढत असते.

बारा-एक देशांतल्या १,९२८ रुग्णांना विचारून केलेली एक पाहणी आहे. पहिलं लक्षण दिसल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी ५२ महिने गेले होते. चार वर्षं चार महिने. मावशींची सहा वर्षं.

मोगरा

मला ॲसिडिटीसाठी गेली नऊ वर्षं रोज सकाळी गोळी लागते. या गोळ्यांनी जठरात असे ट्यूमर होतात असं व्हॉट्सॲपवर आलं होतं. खरं का? शिवाय तिखट, मसालेदार, भेसळ वगैरेचा काही संबंध?

काचपट्टी

यात अर्धं सत्य आहे. जठरातलं आम्ल कमी झालं की शरीर जास्त गॅस्ट्रिन सोडतं, आणि गॅस्ट्रिन जठरातल्या एका प्रकारच्या न्यूरोएंडोक्राइन पेशींना वाढायला सांगतं. १९८० च्या दशकात ओमेप्रॅझोल आलं तेव्हा उंदरांना आयुष्यभर मोठा डोस दिल्यावर त्यांच्या जठरात हे ट्यूमर झाले होते. माणसांत मात्र त्या गोळीमुळे ट्यूमर होतात असं सिद्ध झालेलं नाही. नऊ वर्षं रोज गोळी लागतेय तर ती अजून लागते का, हे डॉक्टरांना विचारा, एवढं नक्की सांगेन. आपल्या मनाने बंद करू नका.

जठरातल्या या ट्यूमरचा सर्वांत नेहमीचा प्रकार वेगळ्याच वाटेने येतो. शरीराची प्रतिकारशक्ती जठराच्या आम्ल करणाऱ्या पेशींवर उलटते, अस्तर झिजतं, आम्ल संपतं, गॅस्ट्रिन चढतं, आणि वर्षानुवर्षांच्या त्या दट्ट्याने छोट्या छोट्या, बहुधा एकाहून जास्त गाठी येतात. जठरातल्या दहांपैकी सात-आठ याच प्रकारच्या, बायकांत जास्त, आणि स्वभावाने बहुतेक गरीब. यांच्यात ब-१२ ही कमी असतं. आपल्याकडे शाकाहारामुळे ब-१२ कमी असणारे घरोघर आहेत, त्यांनी कृपया यावरून घाबरू नये, ते कारण निराळं.

आनुवंशिक कारणं ठाऊक आहेत. मेन-१ नावाच्या विकारात स्वादुपिंडात आणि ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) हे ट्यूमर होतात, त्याचं जनुक १९९७ मध्ये सापडलं. स्वादुपिंडातल्या साधारण दहांत एकामागे असा घराण्यातून आलेला विकार असतो. घरात कर्करोगाचा इतिहास, मधुमेह आणि काही अवयवांत धूम्रपान यांचा संबंध अभ्यासांत दिसतो, पण तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यासारखं ठळक नातं इथे नाही. तिखटाचा आणि मसाल्याचा संबंध दाखवणारं माझ्या वाचनात काही नाही.

अटलांटिकपार

देशादेशांत अवयवही बदलतात ना? इथे गोऱ्या रुग्णांत लहान आतड्याचं प्रमाण मोठं, आणि आशियाई वंशाच्या लोकांत गुदाशयाचं.

नोंदवही

हो, आणि मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. जपानमध्ये २०१० मध्ये देशभर पाहणी झाली. स्वादुपिंड वगळता पचननळीतले निम्म्याहून जास्त ट्यूमर गुदाशयाच्या बाजूचे, लहान आतड्याच्या शेवटचे फारच थोडे. युरोप-अमेरिकेत लहान आतडं वरच्या क्रमांकावर. अमेरिकेतल्या अमेरिकेतही आशियाई आणि कृष्णवर्णीय लोकांत गुदाशयाचे जास्त सापडतात. एकाच देशात, एकाच दुर्बिणीखाली हा फरक राहतो, तेव्हा नुसतं 'शोधलं म्हणून सापडलं' यात तो बसत नाही. वंशाचं काहीतरी आहे.

आता आपल्याकडे येते. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांनी आपापल्या रुग्णांची मांडणी केली आहे, त्यात स्वादुपिंड, जठर आणि ड्युओडेनम पुढे असतात, लहान आतड्याचा शेवटचा भाग मागे. हे वाचून 'भारतीयांना स्वादुपिंडाचा जास्त होतो' असा निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. मोठ्या रुग्णालयात कोण पोचतं? ज्याची गाठ मोठी आहे, शस्त्रक्रिया अवघड आहे, तो. जठर-ड्युओडेनम का पुढे? कारण आपल्याकडे ॲसिडिटीसाठी तोंडावाटे दुर्बीण सर्रास घातली जाते. गुदाशय का मागे? कारण सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहेत, आतडं नाही. आणि अपेंडिक्सवाली ती सत्तावीस वर्षांची मुलगी तालुक्याच्या दवाखान्यातून टाके काढून घरी गेलेली असते, ती या मांडणीत कुठेच नसते.

खरा दर काढायचा तर खाली भागायला लोकसंख्या हवी. रुग्णालयाला लोकसंख्या नसते, जिल्ह्याला असते. म्हणून लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी लागते, आणि यात महाराष्ट्राचं काम मोठं आहे. देशातली पहिली अशी नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत सुरू केली. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) राष्ट्रीय कार्यक्रम त्यानंतर, १९८०-८२ च्या सुमाराचा. आणि देशातली पहिली ग्रामीण नोंदणी आपल्या बार्शीची, १९८७ ची. पुणे, नागपूर, औरंगाबाद, उस्मानाबाद-बीड इथेही आहेत. खेड्यात रुग्ण आपण होऊन दवाखान्यात येत नाही, म्हणून बार्शीत कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांना लक्षणं समजावून सांगत आणि नोंद घेत. मी शिकाऊ होते तेव्हा त्या पद्धतीबद्दल ऐकूनच या कामात आले.

पण प्रसिद्ध होणाऱ्या अहवालांतले मुख्य तक्ते अवयवाप्रमाणे असतात. जठर सी १६, लहान आतडं सी १७, मोठं आतडं सी १८, गुदाशय सी २०, स्वादुपिंड सी २५. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर या सगळ्यांत वाटला जातो आणि त्याची स्वतःची ओळ कुठेच येत नाही. पेशीचा कोड फॉर्मवर असतो, आम्ही तो भरलेला असतो. तो वेगळा काढून मोजायचा एवढंच काम आहे. मला वर्षानुवर्षं याचीच हळहळ वाटते.

विहीर

पटलं. पण ओळ आली तरी रुग्णाला काय मिळणार?

नोंदवही

औषध किती लागेल ते कळेल. इथे नवे रुग्ण थोडे, पण हयात रुग्ण खूप, कारण माणसं वर्षानुवर्षं जगतात. रांजणात पाणी थेंबथेंब पडतं, पण खालून गळतं त्याहून कमी, म्हणून रांजण भरत जातो. अमेरिकेच्या नोंदणीत सगळ्यांचं मिळून मध्यम आयुर्मान निदानापासून ९.३ वर्षं आहे (निम्मी माणसं त्याहून जास्त जगतात), जागच्या जागी असलेल्यांचं ३० वर्षांच्या वर. तिथे १ लाख ७१ हजारांच्या आसपास लोक हे निदान घेऊन जगत असल्याचा अंदाज होता. २००८ च्या एका मांडणीत तर जठर आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे हयात रुग्ण एकत्र केले तरी पचनसंस्थेतल्या न्यूरोएंडोक्राइनवाल्यांची संख्या जास्त भरली.

शेवंतीच्या मावशींसारख्यांना दर महिन्याला इंजेक्शन लागतं, आणि ते महाग असतं. ट्यूमर पसरलेला असेल तर ल्युटेशियम-१७७ चे डोस देतात. तो किरणोत्सारी पदार्थ आपल्याकडे मुंबईत ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतो आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये तो अनेक वर्षं दिला जातोय. किती रुग्ण, कुठल्या जिल्ह्यात, हे ठाऊक असेल तर ही सोय मुंबईबाहेर कुठे आणि किती हवी याचा हिशेब मांडता येतो. नाहीतर चंद्रपूरच्या माणसाने परळला खेटे घालायचे.

मृण्मयी_७

रिपोर्ट हातात आलाय, जशाच्या तशा ओळी लिहिते. गुदाशय, गुदद्वारापासून ७ सेंटीमीटर. गाठ ८ मिलीमीटर. वेल डिफरन्शिएटेड न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. सिनॅप्टोफायझिन पॉझिटिव्ह. कडा मोकळ्या. एवढंच आहे. ग्रेड लिहिलेली नाही. काचपट्टी सर, चालेल ना?

काचपट्टी

आकार लहान आहे, कडा मोकळ्या आहेत, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या काठापर्यंत गाठ पोचलेली नाही, दोन्ही चांगलं. पण ग्रेड हवीच. केआय-६७ केलेलं दिसत नाही. लॅबमध्ये मेणाचा ठोकळा जपून ठेवलेला असतो, त्यावरून आजही ती तपासणी करता येते. बाबांना पुन्हा काही करावं लागणार नाही. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा आणि 'ब्लॉकवर केआय-६७ करून द्या' असं सांगा. पुढची तपासणी किती दिवसांनी, हे तुमचे डॉक्टर त्यावरूनच ठरवतील.

मृण्मयी_७

आठ दिवसांनी लिहितेय. केआय-६७ एक टक्का, ग्रेड १. डॉक्टर म्हणाले, काढली तेवढं पुरेसं आहे. आई काल पहिल्यांदा पोटभर जेवली. बाबा शेतावर जाऊन आले.

नोंदवही ताई, एक विचारायचं होतं. आमचा जिल्हा नोंदणीत आहे. बाबांचा फॉर्म कुणी भरेल का?

नोंदवही

किती छान बातमी दिलीत! आई-बाबांना माझा नमस्कार सांगा.

हो, भरतील. केंद्राचा माणूस त्या रुग्णालयात येईल तेव्हा फाइल काढेल. फक्त केआय-६७ चा नवा रिपोर्ट वेगळ्या कागदावर आला असेल, त्याची एक झेरॉक्स मूळ फाइलला लावायला सांगा, नाहीतर तो तुमच्याकडेच राहील आणि फॉर्मवर ग्रेडचा रकाना रिकामा जाईल. अवयवाच्या जागी सी २०, पेशीच्या जागी ८२४०/३, ग्रेड १.